कडी कोणत्या बाजूनं

भागिरथीबाई एकसष्टाव्या वर्षी रांगायला लागली. थट्टा नाही, खरंच. एका सकाळी पंचफुला भांडी घासायला आली तर मालकीण बैठकीच्या फरशीवर हातापायांवर, पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर अन् मुंडकं सोफ्याखाली. पंचफुलाला वाटलं, बाईले चक्कर आली. ती धावली तसा सोफ्याखालून आवाज आला की ओरडू नको, टाचणी सापडली.

टाचणीच काय, त्या आठवड्यात काय काय निघालं म्हणता! रिसोडच्या कापड दुकानदाराचं, केशरीचंदजींचं, घर ते. टाचण्या, सुया, थानाला लावायच्या पितळी पिना, केशरीचंदजींच्या हातून घरंगळलेल्या दोन गोळ्या, अन् कपाटाच्या खालच्या खणात मूठभर डांबरगोळ्या. त्या डांबरगोळ्या हातावर घेऊन भागिरथीबाई कितीतरी वेळ बसून राहिली. उभ्या माणसाला त्या डांबरगोळ्या दिसतात, रांगत्या लेकराला खडीसाखर दिसते. लेकराचे डोळे फरशीपासून वीतभर वर असतात, म्हणून तर हे रांगणं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तीन वर्षं जिचा डोळ्याला डोळा लागला नाही, त्या बाईला असलं बरंच काही आपोआप सुचतं.

झालं असं होतं की आषाढात केशरीचंदजींच्या, म्हणजे तिच्या मालकांच्या, छातीत दुकानाच्या गादीवर बसल्याबसल्या कळ आली. जिवावरचं बोटावर निभावलं. पण डॉक्टरनं बजावलं की शेठजी, आता दुकान पोरावर सोपवा. पोरगा एकुलता एक, पवन. तो तीन वर्षांपासून वाशीमला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता आणि दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजत होता. बापाचं स्वतःचं दुकान असताना पोरगा परक्याचं मीटर धरतो, यावर गाव काय बोलायचं राहिलं असेल! पण तो का गेला हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तोंडावर कोणी विचारलं नाही. आता तो परत यायचं ठरलं. सुनेनं, खुशबूनं, नवऱ्याजवळ एवढाच निरोप धाडला: घर लेकराच्या बेतानं करून ठेवा, मंग येतो.

लेकरू म्हणजे संस्कृती, दहा महिन्यांची. भागिरथीबाईनं नात एकदाच पाहिली होती, जन्मली तेव्हा वाशीमच्या दवाखान्यात. दुपट्यातून नाक तेवढं दिसत होतं. घेऊ का म्हणायला हिनं तोंड उघडलं अन् खुशबूनं कूस बदलली. सून भिंतीकडे, सासू तिच्या पाठीकडे, अशी दोघींची ती भेट झाली. त्या दिवसापासून भागिरथीबाईला दागिना नको होता, यात्रा नको होती, काही म्हणता काही नको होतं. लेकरू एकदा मांडीवर यावं, त्याच्या टाळूवर तेल घालावं, एवढाच एक ध्यास. अन् आता तर निरोपच आला होता. घर बिनधोक करायचं म्हणजे सून लेकरू देईल, असा तिनं त्याचा अर्थ लावला. भोळा जीव!

मग काय, तिनं घर डोक्यावर घेतलं. दुकानातले उरलेसुरले कापडाचे तुकडे आणून तिनं त्यांच्या जाड गाद्या शिवल्या अन् टेबल, पलंग, दिवाण, ओटा, जिथं म्हणून कोपरा तिथं बांधल्या. घराला गालगुंड झाल्यासारखं दिसायला लागलं. केशरीचंदजी एक-दोनदा कुरकुरले की हे घर आहे का गोधडीचं दुकान. खालची विजेची बटणं पार छातीएवढी वर नेली. पडद्याच्या दोऱ्या कापल्या. नळ आठवड्याला एकदा येतो, म्हणून न्हाणीत टब भरून ठेवायची सगळ्या गावाची सवय. तिनं टब काढून टाकले अन् आट्यांच्या, फिरवून लावायच्या झाकणाचे ड्रम आणले, झाकण लावल्यावर पंचफुलाला स्वतःला ते उघडता येईना. पंचफुला म्हणाली, बाई, लेकराच्या आधी मीच तहानेनं मरीन. भागिरथीबाई हसली. त्या घरात तीन वर्षांत बहुधा पहिल्यांदा.

राहता राहिलं स्वयंपाकघर, अन् त्याच्या मागची पडवी.

पडवीचं सांगायचं म्हणजे ते सगळंच सांगावं लागेल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगावं लागतं, की या घरचे बारीक नियम पाळणारे जैन. पाणी गाळून घ्यायचं, अन् नियम घेतलेला असला की गाळलेलं पाणी उकळून, निववून मगच प्यायचं. त्याला पक्कं पाणी म्हणतात. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यांची हिंसा आपल्या तोंडानं होऊ नये, म्हणून हा खटाटोप. उकळतं पाणी हंड्यात लवकर निवत नाही, म्हणून रुंद परातीत ओततात अन् वर पातळ पांढरं फडकं टाकतात, माशी-चिलट पडून मरू नये म्हणून. भागिरथीबाईनं हा नियम तिशीत घेतला होता, जन्मभराचा. घरची परात चांगली दोन हात रुंद, पितळेची. ती निवायला ठेवायची ओट्यावर, अन् ठेवायचं काम सुनेचं, कारण भरली परात उचलायला दोन धड खांदे लागतात.

तीन वर्षांपूर्वीचं पर्युषण, जैनांचं आठ दिवसांचं पर्व. भागिरथीबाईनं अठाई धरली होती, म्हणजे आठ दिवस अन्न नाही, नुसतं पक्कं पाणी, तेही दिवसाउजेडी. आठवा, शेवटचा दिवस होता. घरात पाहुण्यांची रीघ, जो तो तपस्येवाल्या बाईची विचारपूस करायला येतोय, पाया पडतोय. माणूस आहे, थोडं चढतंच. खुशबूच्या कडेवर तेव्हा तिचा पहिला पोरगा अर्हम, तेरा महिन्यांचा, नुकताच पाय टाकायला लागलेला. पातेल्यात पाणी खळखळ उकळलं तशी आतल्या खोलीतून खुशबू म्हणाली, "थांबा मम्मीजी, याचे कपडे बदलते अन् मी ठेवते ओट्यावर."

आता हे भागिरथीबाईला ऐकू आलं की नाही, इथंच सगळी मेख आहे.

तिला ऐकू आलं होतं. स्वच्छ. पण तिच्या मनात आलं की सून गाळणं घाईघाईनं धरते, एकपदरी. सात दिवस निभावले, आता शेवटचं पाणी तरी आपल्या हातचं, आपल्या डोळ्यांदेखत शुद्ध असावं. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सात दिवसांच्या उपाशी अंगानं ती परात ओट्यापर्यंत उचलेना, म्हणून पडवीत जमिनीवरच ठेवली. उकळतं पाणी ओतलं, वर पांढरं फडकं ताणून टाकलं, अन् पुढच्या दारात बायका आल्या होत्या म्हणून तिकडे गेली. सून थांबा म्हणाली आहे म्हणजे सासू थांबली आहे, असं समजून खुशबूनं कपडे बदललेलं लेकरू खाली सोडलं. पांढरं फडकं त्याला गादीसारखं दिसलं असेल. बसायला गेलं असेल.

अर्हम अकोल्याच्या दवाखान्यात अकरा दिवस होता. बाराव्या दिवशी नव्हता.

न दिसणाऱ्या जीवांसाठी तापवलेल्या पाण्यानं घरातला दिसता जीव नेला. यावर कोणी काय बोलावं! लोक आले, बसले, कर्माचा उदय म्हणाले अन् उठून गेले. भागिरथीबाईला एका शब्दानं कोणी बोललं नाही. तपस्येवाली बाई, तिला कोण बोलणार? पण दवाखान्यातच कोणीतरी विचारलं होतं की परात खाली कशी काय? अन् तिच्या तोंडून निघून गेलं की खुशबू काही बोलली असेल तर मला ऐकू नाही आलं, उपासानं कान वाजत होते. एवढंच एक वाक्य. पण वाक्याला पाय फुटतात. महिन्याभरात गावात झालं की मेली सून तोंडातल्या तोंडात बोलते, धड सांगितलं असतं तर पोरगं वाचलं असतं. हे खुशबूच्या कानावर गेलं. ती नाही भांडली, नाही रडली. दोन महिन्यांनी नवऱ्याला म्हणाली, मले या घरात श्वास येत नाई. अन् दोघं वाशीमला गेली.

खोटं एकदा बोलायचं असतं, मग जन्मभर नुसतं गप्प बसायचं असतं. त्यातच माणूस झिजतो. भागिरथीबाईनं परात त्याच साली मोडीत घातली. पुन्हा उपास धरला नाही. पाणी उकळायची, कारण नियम नियम होता, पण निववायची नाही. गॅसवरून थेट पेल्यात ओतून गरमच प्यायची, जीभ पोळायची, डोळ्यांत पाणी यायचं. केशरीचंदजी म्हणायचे, हे काय करून राह्यली तू? ती म्हणायची, काही नाई.

तर पडवी. तिथं लेकरानं जायचंच नाही, असा तिनं निश्चय केला, अन् बसस्टँडजवळच्या लालसिंग वेल्डरला बोलावून स्वयंपाकघराच्या दाराला लोखंडी जाळीचं फाटक करायला सांगितलं. छातीएवढं उंच, उभ्या सळ्यांचं, लेकराचं डोकं अडकणार नाही एवढं अंतर ठेवून. पर्युषण लागायच्या आदल्या दिवशी लालसिंगनं ते आणून बसवलं. रंग लावला, बिजागऱ्या हलवून पाहिल्या अन् मग त्याच्या ध्यानात आलं.

"काकू, कडी कोणत्या बाजूनं पायजे होती? मी बैठकीकडून लावली. स्वयंपाकघरातून उघडाले वरून हात घालून खाली न्या लागते."

तिनं आत जाऊन पाहिलं. उजवा खांदा दोन वर्षांपासून जखडलेला, डावा हात घातला तर कडी चार बोटं दूर राहिली. म्हणजे बाहेरून कोणी कडी घातली तर ही आतच. लालसिंग म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे, उद्या येऊन आतल्या बाजूनं वेल्डिंग मारून देतो. पण उद्या पर्युषण लागत होतं. पावसाळ्याचे दिवस, उजेड दिसला की चिलटं-पाखरं झुंडीनं येतात, ठिणग्यांनी किती जळतील त्याची गणती नाही. या आठ दिवसांत त्या घरात साधी भाजीसुद्धा चिरत नसत. तिनं सांगितलं, शेवटच्या दिवशी संवत्सरी, ती झाली की दुसऱ्या दिवशी ये.

लालसिंग गेला अन् भागिरथीबाई एकटीच स्वयंपाकघरात उभी राहिली. घरभर नजर फिरवली. टाचणी नाही, टोक नाही, दोरी नाही. उरलं होतं एकच. गॅसवरचं पातेलं. लेकराच्या घरात रोज सकाळी पाणी उकळायचं? तीस वर्षांचा नियम. महाराजसाहेबांसमोर हात जोडून घेतलेला. तिनं पातेलं उचललं, घासून, पुसून माळ्यावर टाकलं, अन् माठातलं नुसतं गाळलेलं गार पाणी पेलाभर प्यायली. घशाखाली उतरताना ते पाणी तिला चोरीचं वाटलं. हे तिनं ना नवऱ्याला सांगितलं, ना जैन स्थानकात कोणाला.

संध्याकाळी पवनची भाड्याची गाडी दारात आली. खुशबू उतरली ती लेकराला छातीशी धरूनच. तीन वर्षांत पोरगी वाळून काटकी झाली होती. तिनं रीतीप्रमाणे पायाला हात लावला, घरात आली अन् लेकरू कडेवर ठेवूनच खोली-खोली फिरली. कोपऱ्यांच्या गाद्या दाबून पाहिल्या. बटणं पाहिली. ड्रमचं झाकण ओढून पाहिलं. खाली बसून सोफ्याखाली वाकून पाहिलं. फाटकाच्या सळ्या हलवून पाहिल्या. भागिरथीबाई परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी भिंतीला टेकून उभी. शेवटी खुशबू म्हणाली की चांगलं केलं. दोनच शब्द, पण भागिरथीबाईला ते पक्वान्नासारखे लागले.

आणि मग आठ दिवस गेले. लेकरू घरभर रांगायचं. टेबलाच्या कोपऱ्यावर डोकं आपटायचं अन् खुदकन हसायचं. आजोबांच्या मिशा ओढायचं. पंचफुलाच्या कडेवर जायचं, शेजारच्या बायांकडे जायचं. फक्त आजीकडे यायला निघालं की खुशबू कुठूनतरी यायची अन् उचलून न्यायची. रागानं नाही, सहज, जसं चुलीजवळ गेलेलं लेकरू आपण उचलतो तसं. न्हाणीत जाताना खुशबू लेकराला संगं घेऊन जायची. एकदा बादलीत पाणी पडायचा आवाज अन् लेकराचं रडणं संगंच येत होतं, तेव्हा केशरीचंदजी म्हणाले, अगं दे ना मम्मीजीजवळ. आतून दार उघडलं नाही. भागिरथीबाई उठून स्वयंपाकघरात गेली अन् पुसलेला ओटा पुन्हा पुसत बसली.

तरी तिच्या मनात आशा होतीच. संवत्सरी येऊ दे, ती स्वतःला सांगायची. संवत्सरी म्हणजे वर्षभराच्या चुकांची एकमेकांना माफी मागायचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक घरोघर जातात, लहान-थोर हात जोडतात, खमतखामणा म्हणतात, वैरीसुद्धा वैऱ्याला नाही म्हणत नाही. मधली दोन वर्षं सासू-सुनेनं ते फोनवरच उरकलं होतं, तोंडपाठ. या खेपेला समोरासमोर होईल. ती माफ करील, अन् लेकरू मांडीवर देईल. ठरवूनच टाकलं होतं तिनं. टाळूवर घालायला तेलाची वाटीसुद्धा काढून ठेवली होती.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी केशरीचंदजी अन् पवन सकाळीच खमतखामण्याला गल्लीत निघाले. भागिरथीबाई दिवाणावर बसली होती. खुशबू समोर आली, लेकरू कडेवर. लेकरानं लगेच आजीच्या चष्म्याकडे हात केला. भागिरथीबाईनं हात जोडले.

तशा त्या दोघी घरात मारवाडीच बोलायच्या. पण खुशबू शेलूबाजारची, वऱ्हाडीत वाढलेली; पोटातलं काही बोलायचं झालं की तिच्या तोंडात वऱ्हाडीच यायची.

"मम्मीजी, हात जोडाच्या आधी एक इचारू? त्या दिवशी मी थांबा म्हणलं होतं. तुमी आयकलं होतं का नाई?"

भागिरथीबाईचे हात जोडलेले तसेच राहिले.

"मी तीन वर्षं झाले तेच म्हणून पाह्यते," खुशबू म्हणाली. "न्हाणीत म्हणते. गच्चीवर म्हणते. थांबा मम्मीजी, थांबा मम्मीजी. किती जोरात म्हणलं होतं मी? लोक म्हणतात मी तोंडातच बोलली. आता तं मले बी वाटते, मनातच म्हणलं असन. तसं असन तं मग मीच मारलं ना माया लेकराले. तुमी फक्त सांगा. तुमाले आयकू आलं नसन तं ते बी सांगा. मंग तुमच्यावर कायचा राग? मी लेकरू देते तुमच्या मांडीवर, आत्ता."

देवा! अशी घडी वैऱ्यावर येऊ नये. एक 'नाही' म्हणायचं होतं. तीन वर्षांपूर्वी जे दवाखान्यात सांगितलं तेच आणखी एकदा. लेकरू तर निम्मं पुढे झुकलं होतं, त्याची मूठ तिच्या चष्म्यापासून हातभर. दुधाचा, तेलाचा, लेकराच्या अंगाला येतो तो वास येत होता. भागिरथीबाईनं वाटीकडे पाहिलं, लेकराकडे पाहिलं, अन् मग सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पंचवीस-सव्वीस वर्षांची पोरगी, अन् डोळ्यांखाली ही काळी खळगी. ती खळगी परातीनं पाडली नव्हती. आपल्या त्या एका वाक्यानं पाडली होती.

"आयकलं होतं," ती म्हणाली. "साफ आयकलं होतं. तू चांगली जोरात म्हणली होती. मीच नाई थांबली. अन् मंग खोटं बोलली."

खुशबू होती तिथंच खाली फरशीवर बसली. लेकराला छातीशी धरून कितीतरी वेळ एकच म्हणत राहिली, मी म्हणलं होतं, मी म्हणलं होतं. तीन वर्षांत न रडलेलं रडू होतं ते, त्याला ना लाज ना आवर. भागिरथीबाईला वाटलं खाली उतरावं, तिच्या पाठीवर हात ठेवावा. पण आपल्या हाताचा आता काय भरवसा, म्हणून ती बसून राहिली. लेकरू बावरून एकदा आईकडे, एकदा आजीकडे पाहत होतं.

मग खुशबूनं पदरानं तोंड पुसलं, उठली, अन् रीतीप्रमाणे हात जोडले.

"माफ केलं मम्मीजी. आज नाई म्हणता येत नाई, अन् मले म्हणाचं बी नाई. तुमी खरं सांगतलं, तं मी सुटली. पण लेकरू नाई देत. तुमाले आयकू येते अन् तुमी थांबत नाई. मले तुमचं भेव वाटते."

"नको देऊ," भागिरथीबाई म्हणाली.

घर एवढं बिनधोक केलं, फरशी चाटून घ्यावी इतकं, अन् शेवटी घरात धोक्याचं काय उरलं तर ती स्वतः. रांगून रांगून तिनं सगळं शोधलं, फक्त रांगणाऱ्या बाईकडे कोणी पाहायचं राहिलं होतं. ती उठली, तेलाची वाटी उचलली अन् स्वयंपाकघरात गेली. फाटक तिच्यामागे बंद झालं. लेकरू आईच्या कडेवरून उतरून तिच्या मागेमागे रांगत निघालं होतं, म्हणून खुशबूनं कडी घातली.

थोड्या वेळानं लालसिंग पेटी घेऊन आला. दारातूनच म्हणाला की काकू, झाली ना संवत्सरी, घेऊ का कडी आतल्या बाजूनं? भागिरथीबाई आतून सळ्यांपाशी आली. बैठकीत खुशबू उभी होती.

"राहू दे लालसिंग," भागिरथीबाई म्हणाली. "बाहेरूनच बरी हाय."

लालसिंग म्हणाला, अवो पण तुमाले भाईर याचं असन तं? ती म्हणाली, सून हाय ना, ती उघडन. त्याला काय कळणार! आला तसा पेटी उचलून गेला.

तिला तहान लागली होती. सकाळपासून घशाला कोरड होती. तिनं माठातून पेला भरला अन् उभ्या उभ्या प्यायली, अन् वळली तर फाटकापलीकडून खुशबू पाहत होती, पेल्याकडे. गॅस रिकामा, पातेलं जागेवर नाही, माठाचं पाणी.

"पक्कं पाणी?" खुशबूनं विचारलं.

"सोडलं."

"कवा?"

"तुमी आले त्याच दिवशी. लेकराच्या घरात पाणी उकळाचं नाई म्हणून."

खुशबू त्याच घरची सून. त्या नियमाची किंमत तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिचा हात कडीवर आला. आला अन् तिथंच थांबला. बाहेर गल्लीत कोणीतरी कोणाला खमतखामणा म्हणत होतं, हसत होतं. मग खुशबूनं हात काढून घेतला, तोंडावर पदर धरला अन् आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली. पुढे नाही गेली. तिथंच चौकटीला टेकून उभी राहिली, लेकरू डोळ्यांआड होऊ न देता.

लेकरू फाटकापाशी आलं. सळ्या त्यानं दोन्ही मुठींत धरल्या, आजीकडे पाहिलं, अन् जोर करून उठायला लागलं. ढुंगण वर, मग गुडघे सरळ, मग पाय. दहा महिन्यांत पहिल्यांदाच संस्कृती उभी राहिली, आजीनं लेकरासाठी करवून घेतलेल्या फाटकाला धरून. दोन्ही बाजूंनी दोन बायका पाहत होत्या. लेकरानं एक हात सोडला अन् सळ्यांतून आत घातला, बोटं उघडमीट करत, घे म्हणून. भागिरथीबाई त्याच्यासमोर फरशीवर बसली. लेकराची बोटं तिच्या नाकापासून चार बोटं दूर होती. तिनं आपले दोन्ही हात पाठीमागे नेले अन् एकानं दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं.

"थांब माय," ती म्हणाली. "थांब."

लेकरू थोडा वेळ उभं राहिलं, डुललं अन् मागे पडलं. फाटकापुढे तिनं जाड गादी शिवून अंथरून ठेवलेली होती. लेकरू गादीवर पडलं. लागलं नाही.